तीन महिन्यांचा लॅबचा कोर्स : कर्ज काढण्याआधी

तायांनो, मावश्यांनो आणि बारावी-बीएस्सी झालेल्या माझ्या धाकट्या बहिणींनो, आजचं बोलणं मुलींच्या शिक्षणाचं आहे आणि गटाच्या पैशाचंही आहे. भाकऱ्या थापता थापता ऐकलंत तरी चालेल, पण हिशेबाचा भाग आला की जरा हात थांबवा.

झालंय असं, की आमच्या प्रभागातल्या तीन गटांत एकाच महिन्यात एकाच कारणासाठी कर्जाची मागणी आली. मुलीला कोर्सला पाठवायचंय. कोर्सचं नाव ‘मॉलिक्युलर बायोलॉजी आणि डायग्नोस्टिक लॅब टेक्निक’. मुदत कुठे पंधरा दिवस, कुठे सहा आठवडे, कुठे तीन महिने. फी एका पत्रकावर पंधरा हजार, दुसऱ्यावर पन्नास हजार. गटातल्या बायकांनी विचारलं, हे शिकून पोरगी नेमकं करणार काय? रक्त काढणार की डॉक्टर होणार? आणि नोकरी लागेल का? प्रश्न रास्त आहेत. पैसा सगळ्यांचा आहे, तर तो कशाला जातोय हे सगळ्यांना कळायला पाहिजे.

मी बीए झालेली, विज्ञानाची नाही. म्हणून लॅबमध्ये नोकरी करणाऱ्या दोन मुलींजवळ बसले, एका लॅबमध्ये दिवसभर उभी राहिले, कायद्याचे कागद वाचले. त्यातून जे समजलं ते तुमच्या-माझ्या बोलीत सांगते.

आधी लॅब म्हणजे काय ते बघू. आपण आरोग्य केंद्रात जातो तिथे बोटातून किंवा हातातून रक्त घेतात. हिमोग्लोबिन बघतात, साखर बघतात, लघवी तपासतात, तापाचा पेशंट असेल तर काचेवर रक्ताचा थेंब पसरून मलेरिया आहे का ते सूक्ष्मदर्शकातून बघतात. या झाल्या रोजच्या तपासण्या. यात काय आहे, किती आहे, ते मोजायचं किंवा डोळ्यांनी बघायचं असतं.

मॉलिक्युलर तपासणी वेगळी. मॉलिक्यूल म्हणजे रेणू. इथे जंतू डोळ्यांनी दिसतोय का ते बघत नाहीत, त्या जंतूची लिपी सापडते का ते शोधतात. प्रत्येक सजीवाच्या पेशीत डीएनए नावाचा लांबच लांब दोरा गुंडाळलेला असतो. माणसात असतो, कांद्यात असतो, क्षयाच्या जंतूतही असतो. त्या दोऱ्यावर चारच अक्षरांत सगळा मजकूर लिहिलेला आहे : ए, टी, जी आणि सी. आपली बाराखडी मोठी, पण निसर्गाचं चार अक्षरांत भागतं.

एक अक्षर चुकलं तर काय होतं, हे गडचिरोली, नंदुरबारकडच्या बायकांना मी सांगायला नको. सिकलसेल म्हणजे तेच. रक्तातलं हिमोग्लोबिन तयार करण्याचा जो मजकूर आहे, त्यात एका जागी ए ऐवजी टी पडतो. एवढ्या एका अक्षराने लाल पेशी गोल न राहता कोयत्यासारख्या वाकड्या होतात आणि बारीक नसांत अडकून बसतात. आई आणि वडील दोघंही वाहक असतील, तर प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी होण्याची शक्यता चारात एक असते. सिकलसेलची गावातली पहिली तपासणी साध्या पद्धतीनेच होते, त्याला मोठी मशीन लागत नाही. पण पोटातल्या गर्भाला हा आजार आहे का, हे बघायचं झालं की लिपीच वाचावी लागते, आणि तिथे मॉलिक्युलर लॅब लागते. देशाची सिकलसेल निर्मूलन मोहीम १ जुलै २०२३ ला सुरू झाली. तेव्हापासून या तपासण्यांचं बोलणं आदिवासी भागात वाढलंय, आणि तपासणाऱ्या हातांची गरजही.

आता मुख्य तंत्र, ज्याच्या नावावर हे सगळे कोर्स चालतात. पीसीआर. करोनात आपण सगळ्यांनी आरटी-पीसीआर हा शब्द ऐकला, नाकात काडी घालून घेतली, रिपोर्टची वाट बघितली. आत काय चालतं ते मात्र कोणी सांगितलं नाही.

अडचण अशी असते, की पेशंटच्या बेडक्यात किंवा नाकातल्या द्रवात जंतूची लिपी अगदी थोडी असते. गंजीत सुई. पीसीआर काय करतं, तर त्या सुईच्याच इतक्या नकला काढतं की शेवटी गंजीपेक्षा सुयाच जास्त होतात. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. दहा फेऱ्यांत एक हजार चोवीस, वीस फेऱ्यांत दहा लाखांच्या वर आणि तीस फेऱ्यांत एकाचे १०७ कोटी. सावकाराचं चक्रवाढ व्याज आपण भोगलंय, त्यामुळे दुप्पट-दुप्पट काय चीज आहे हे आपल्याला लवकर कळतं. हे सगळं तास-दोन तासांत होतं.

नक्कल निघते कशी? डीएनएचा दोरा दुपदरी असतो, वेणीसारखा. मशीन त्याला पंच्याण्णव अंशांच्या आसपास तापवतं, की पदर सुटे होतात. मग पंचावन्न-साठ अंशांपर्यंत थंड करतं. तेव्हा प्रायमर नावाचे छोटे तुकडे, आधी ठरवून बनवलेले, बरोब्बर आपल्या जागी जाऊन बसतात. क्षयाचा प्रायमर क्षयाच्याच लिपीवर बसतो, दुसऱ्यावर नाही. मग बहात्तर अंशांना एक एन्झाइम त्या तुकड्यापासून पुढे नवा पदर विणत जातं. झाली एक फेरी. पुन्हा तापवा.

इथे तुम्ही म्हणाल, एवढ्या तापात ते एन्झाइम उकडलेल्या अंड्यासारखं होत नाही का? बाकीची होतात. हे होत नाही, कारण ते गरम पाण्याच्या झऱ्यात राहणाऱ्या जंतूतून मिळालेलं आहे. आपल्या वज्रेश्वरीला गरम पाण्याची कुंडं आहेत ना, तसे झरे अमेरिकेत यलोस्टोन नावाच्या ठिकाणी आहेत, तिथे हा जंतू सापडला. पीसीआरची कल्पना कॅरी मलिस यांना १९८३ मध्ये सुचली आणि १९९३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आरटी-पीसीआर म्हणजे याच्या आधी एक पायरी जास्त. करोनाच्या विषाणूची लिपी डीएनएत नसते, आरएनएत असते. ती आधी डीएनएच्या भाषेत उलटवून घ्यायची, मग नकला काढायच्या.

याचा आपल्याला उपयोग काय, ते क्षयाच्या उदाहरणाने सांगते. बेडक्याची काच सूक्ष्मदर्शकाखाली बघतात तेव्हा जंतू दिसायला एका मिलिलिटर बेडक्यात साधारण पाच ते दहा हजार जंतू असावे लागतात. म्हणजे पेशंट खोकून खोकून खंगला तरी काच कधी कधी निगेटिव्ह येते. बायकांचं तर असं, की बेडका नीट काढायचीच लाज वाटते, थुंकी देऊन येतात आणि रिपोर्ट निगेटिव्ह. सीबीनॅट नावाची जी मशीन सरकारी दवाखान्यात आली, ती शे-दीडशे जंतू असले तरी पकडते, आणि मुख्य औषधाला जंतू दाद देत नाही का, हेही सुमारे दोन तासांत सांगते. तिच्यामागून ट्रूनॅट आलं. हे आपल्याच देशात तयार झालं, त्याची कंपनी आपल्या शेजारी गोव्यात आहे. जागतिक आरोग्य संघटनेने त्याला २०२० मध्ये मान्यता दिली. बॅटरीवर चालतं, एसीची खोली लागत नाही, म्हणून तालुक्याच्याच काय, गावाकडच्या आरोग्य केंद्रातही ठेवता येतं. मशीन गावात आलं म्हणजे ते चालवणारी बाई किंवा बाप्याही गावाजवळच लागणार.

आणखी एक गोष्ट मुद्दाम सांगते. २०२० च्या सुरुवातीला करोनाचे नमुने पुण्याच्या एनआयव्हीत, म्हणजे राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत जायचे. त्याच मार्चमध्ये पुण्याच्याच मायलॅब कंपनीने देशातलं पहिलं मान्यता मिळालेलं स्वदेशी टेस्ट किट बनवलं. ते बनवणाऱ्या गटाच्या प्रमुख मीनल डाखवे-भोसले होत्या. दिवस भरत आले होते त्यांचे. १८ मार्चला त्यांनी किट तपासणीसाठी एनआयव्हीकडे दिलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांना मुलगी झाली. वर्तमानपत्रांत फोटो आले होते, काहींना आठवत असेल. पण त्या तीन महिन्यांच्या कोर्सने तिथे पोचल्या नाहीत, हेही ध्यानात ठेवा. विषाणूशास्त्राचं वर्षानुवर्षांचं शिक्षण होतं मागे.

बरं, छोट्या कोर्समध्ये शिकवतात तरी काय? चांगल्या कोर्समध्ये पहिले दोन-तीन दिवस फक्त हात बसवण्यात जातात. मायक्रोपिपेट म्हणून एक पेनासारखं साधन असतं, वर अंगठ्याने दाबायचं, खाली प्लॅस्टिकची टिप लावायची. त्याने मायक्रोलिटरमध्ये द्रव उचलतात. मायक्रोलिटर किती? ड्रॉपरमधून डोळ्यात पडणाऱ्या एका थेंबात साधारण पन्नास मायक्रोलिटर असतात. आणि पीसीआरमध्ये एकेक, दोन-दोन मायक्रोलिटर घालायचे असतात. अंगठा जास्त दाबला, टिप तिरकी धरली, बुडबुडा आला, की माप चुकलं. लॅबमधली मुलगी मला म्हणाली, ‘ताई, पहिला आठवडा मी नुसतं रंगीत पाणी इकडून तिकडे करत होते.’ मला ते ऐकून बरं वाटलं. ज्याला आधी पाणी उचलायला लावतात तो गुरू बरा.

मग नमुन्यातून डीएनए वेगळा काढणं. याची गंमत घरी करून बघता येते. कांदा किसून त्यात मीठ आणि भांड्याच्या साबणाचे थेंब घालून गाळून घ्यायचा, वर हळूच थंडगार स्पिरिट सोडायचं. दोन्हींच्या मध्ये पांढरे चिकट तंतू तरंगतात. त्यात कांद्याचा डीएनए असतो. साबण पेशीचं आवरण फोडतो, मीठ आणि स्पिरिट त्याला पाण्याबाहेर काढतात. लॅबमध्ये किट असतं, पण तत्त्व हेच. स्पिरिट मात्र चुलीपासून लांब ठेवा.

पुढे जेल. चायना ग्रास आपल्याला माहीत आहे, समुद्री शेवाळापासून होतं. त्याच जातीच्या शुद्ध पावडरीची, अॅगरोजची, वडी थापतात, तिला एका बाजूला खाचा ठेवतात, खाचांत डीएनए भरून वीज सोडतात. डीएनए ऋण भाराचा, तो धन टोकाकडे पळतो. छोटे तुकडे लांब जातात, मोठे मागे राहतात. त्यावरून कळतं, हवा तो तुकडा मिळाला का. त्यानंतर पीसीआर, रिअल टाइम पीसीआरचे आलेख वाचणं आणि एलायझा नावाची, रंग बदलावरून आजार ओळखायची पद्धत.

पण मला विचाराल तर या सगळ्यापेक्षा महत्त्वाचा भाग शिस्तीचा आहे. जे तंत्र एका तुकड्याचे कोटी तुकडे करतं, ते चुकून पडलेल्या तुकड्याचेही कोटी करतं. कालच्या पेशंटचा एक कण आजच्या नळीत गेला, की आजचा निरोगी माणूस पॉझिटिव्ह. म्हणून चांगल्या लॅबमध्ये मसाला बनवायची खोली वेगळी, नमुना घालायची वेगळी, नकला निघाल्यावर उघडायची वेगळी, आणि माणसाने पुढच्या खोलीतून मागच्या खोलीत त्याच कोटाने परत यायचं नाही. आपल्याकडे सोवळं-ओवळं बिनकामाचं पाळलं गेलं, इथलं सोवळं कामाचं आहे. प्रत्येक वेळी एक नळी नुसत्या पाण्याची लावतात. तिच्यात काही उगवलं तर सगळे रिपोर्ट रद्द. हे मुलीला शिकवलं का, असं तिला परत आल्यावर विचारा. उत्तरावरून कोर्स कळेल.

कचऱ्याचंही तसंच. २०१६ च्या नियमांप्रमाणे दवाखान्याचा कचरा चार रंगांत जातो : रक्ता-पूने भरलेला कापूस-बोळा पिवळ्यात, प्लॅस्टिक लालमध्ये, सुया पांढऱ्या न टोचणाऱ्या डब्यात, काच निळ्यात. आणि रक्त हाताळणाऱ्या प्रत्येकीने हिपॅटायटिस बी ची लस घेतलेली असावी. जी संस्था प्रवेशाच्या वेळी लसीचं नावही काढत नाही, तिथे मुलींच्या जिवाची काळजी किती आहे ते कळतंच.

आता नोकरीचं. इथे पत्रकं सगळ्यात जास्त गोंधळ घालतात, म्हणून सावकाश ऐका.

लॅब टेक्निशियन ही कायद्याने ठरवलेली व्यावसायिक बाब आहे. केंद्राने २०२१ मध्ये संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्यात लॅबचं कामही येतं. त्या कायद्यात डिप्लोमा किंवा पदवी किमान दोन हजार तासांची आणि दोन ते चार वर्षांत पसरलेली असावी, असं लिहिलंय. आता तुम्हीच गुणा. तीन महिने, आठवड्याचे सहा दिवस, रोज सहा तास शिकवलं तरी साडेचारशे-पावणेपाचशे तास होतात. म्हणजे तीन महिन्यांच्या कोर्सने मुलगी टेक्निशियन होत नाही. कितीही जाड कागदावर सोनेरी शिक्का मारला तरी होत नाही. आपल्या राज्यात महाराष्ट्र परावैद्यक परिषदेकडे नोंदणी असते, ती मान्य डिप्लोमा-पदवीवर मिळते. दवाखाना मुलाखतीला हाच नोंदणीचा कागद मागतो.

मग हे छोटे कोर्स फसवेच का? तसं नाही. ते वरचं शिक्षण असतं. भाकरीवर लोणी लावावं तसं. आधी भाकरी पाहिजे. जिचं बीएस्सी झालंय, सूक्ष्मजीवशास्त्रात, बायोटेकमध्ये, प्राणिशास्त्रात, किंवा जी डीएमएलटी करून लॅबमध्ये लागलीच आहे, तिला पंधरा दिवसांचा किंवा महिन्याभराचा पीसीआरचा कोर्स खरंच उपयोगी पडतो. गावाकडच्या कॉलेजात बीएस्सी झालेल्या कितीतरी मुलींनी पीसीआरचं मशीन चित्रातच बघितलेलं असतं. मुलाखतीत विचारलं, पिपेट धरून दाखव, तर हात कापतो. अशा मुलीसाठी पैसा खर्च करणं मला पटतं. लॅब, लस बनवणारे कारखाने, बियाणं तपासणाऱ्या प्रयोगशाळा, अशा जागी तिला दार उघडू शकतं.

आणि जिची बारावी सायन्स झाली आहे, पुढचं काही ठरलं नाही? तिने आधी पाया घ्यावा. मान्य संस्थेतला डीएमएलटी घ्यावा, किंवा नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची बीपीएमटी ही पदवी, तीन वर्षं शिक्षण आणि एक वर्ष प्रत्यक्ष काम. लांब वाटतं, मला माहीत आहे. मामा लग्नाचं बघतोय, आजी म्हणते शिकून शेवटी चूलच. पण तीन महिन्यांचा रस्ता जवळचा वाटतो आणि पुढे बंद असतो. शिवाय शासनाने जुलै २०२४ मध्ये वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आतल्या आर्थिक मागास, मराठा आणि ओबीसी घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी पूर्ण माफ केली, ती केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून झालेल्या मान्य प्रवेशाला. खासगी क्लासच्या तीन महिन्यांना ती नाही. आपण ज्या कोर्सला जातोय तो या सवलतीत किंवा समाजकल्याणच्या शिष्यवृत्तीत बसतो का, हे कॉलेजच्या खिडकीवर लेखी विचारा. बसत असेल तर गटाचं कर्ज फक्त राहण्या-जेवण्यापुरतं लागेल.

बारावी कला झालेल्या, लग्न होऊन आलेल्या सुनाही विचारतात. त्यांच्यासाठी मॉलिक्युलर नव्हे. कौशल्य विकास योजनांत रक्त नमुना घेण्याचं, म्हणजे फ्लेबॉटॉमीचं, आणि रुग्णसेवेचं प्रशिक्षण असतं. शिक्षणाची अट आधी वाचून घ्या, काही ठिकाणी विज्ञान मागतात. काम कमी दर्जाचं समजू नका. नमुना चुकीचा घेतला, नाव चुकीचं चिकटवलं, तर पुढची लाखाची मशीन काय करणार?

अजून एक स्वप्न पत्रकावाले विकतात : ‘कोर्स करा, स्वतःची लॅब टाका.’ सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये सांगितलंय, लॅबच्या रिपोर्टवर सही पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिकलेल्या, नोंदणी असलेल्या डॉक्टरचीच पाहिजे. टेक्निशियन मशीन चालवेल, नमुना घेईल, आकडा काढेल, पण स्वतःच्या सहीने रिपोर्ट देऊ शकत नाही. तेव्हा गटाचं कर्ज काढून लॅब टाकू म्हणणारीला आधी हे ऐकवा.

शेजारच्या तालुक्यातल्या एका मुलीची हकीकत सांगते. बारावी सायन्स, बासष्ट टक्के. जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका संस्थेत पंचेचाळीस हजार भरून तीन महिने गेली. चाळीस मुलींत एक पीसीआर मशीन, तेही बंद. सर प्रोजेक्टरवर व्हिडिओ दाखवायचे. शेवटी प्रमाणपत्र मिळालं, त्यावर ‘आंतरराष्ट्रीय’ शब्द दोनदा. चार दवाखान्यांत गेली, चारही ठिकाणी विचारलं, नोंदणी कुठे आहे? आता ती एका मेडिकल दुकानात कामाला आहे आणि आई गटाचे हप्ते फेडते. मुलीत खोट नव्हती. सुरुवातीला कोणी विचारपूस केली नाही, एवढंच.

म्हणून विचारपूस कशी करायची ते. संस्थेत फोनवर नाही, जाऊन. आई, मुलगी आणि गटातली एक बाई, तिघींनी जायचं. लॅब उघडून दाखवा म्हणायचं. मशीन सुरू आहे का, टेबलावर वापरलेल्या टिपांचा डबा आहे का, फ्रिज थंड आहे का बघायचं. न वापरलेली लॅब स्वयंपाक न होणाऱ्या स्वयंपाकघरासारखी लगेच ओळखू येते. एका पिपेटमागे किती मुली, हाताने करायचे तास किती, हे विचारायचं. शिकवणाऱ्यांचं शिक्षण काय, प्रमाणपत्र कोणत्या विद्यापीठाचं किंवा परिषदेचं. मागच्या तुकडीतल्या तीन मुलींचे फोन नंबर मागायचे, आणि घरी येऊन खरोखर फोन करायचे. ‘१०० टक्के नोकरी’ लिहिलं असेल तर म्हणायचं, हे लेटरहेडवर सही करून द्या. तिथेच निम्मे गार होतात.

त्याच्या आधी स्वस्तातली वाट बघा. विद्यापीठांचे बायोटेक्नॉलॉजी विभाग, मोठी विज्ञान महाविद्यालयं पाच-दहा दिवसांच्या कार्यशाळा घेतात. मुंबईत परळला हाफकिन संस्था आहे, १८९९ मध्ये प्लेगच्या काळात सुरू झालेली, तिच्या पूर्ण नावातच प्रशिक्षण हा शब्द आहे. मुलीच्या कॉलेजातल्या बाईंना विचारलं तर अशा जागा त्यांना माहीत असतात.

आता हात थांबवा, हिशेब करू. समजा गटाने पन्नास हजार दिले, महिना एक टक्का, घटत्या शिलकीवर. दर महिन्याला मुद्दल दोन हजार. पंचवीस महिने लागतील. पहिला हप्ता अडीच हजार, पुढे दर महिन्याला वीस रुपयांनी कमी. एकूण व्याज साडेसहा हजार. म्हणजे छप्पन हजार पाचशे परत करायचे. त्यात शहरात राहणं-जेवण धरलेलं नाही. महिना सात हजार धरले तर तीन महिन्यांचे एकवीस हजार आणखी. आणि हप्ता पहिल्या महिन्यापासून सुरू होतो, पगार नाही. तेव्हा कोर्सच्या काळातला हप्ता कोण भरणार, दूध की शिवणकाम की मजुरी, हे कर्जाच्या अर्जातच लिहून घ्या.

आमच्या एका गटाने बरी पद्धत काढली. बीएस्सी झालेल्या मुलीसाठी कर्ज मंजूर केलं, पण निम्मे पैसे प्रवेशाला थेट संस्थेच्या खात्यात, निम्मे पंधरा दिवसांनी, मुलीने बैठकीत फोनवरून काय शिकली ते सांगितल्यावर. सासरच्यांना आधी हे अपमानाचं वाटलं. पण मुलीने फोनवर जेलची वडी कशी पळते ते असं काही रंगवून सांगितलं, की बैठकीत बायकांनी तिलाच उलट प्रश्न विचारले.

ज्यांच्याकडे अशी पत्रकं आली असतील त्यांनी ती ग्रामसंघाच्या पुढच्या बैठकीला घेऊन या. मोबाइलवरचा फोटो नको, मूळ कागद आणा, कारण भरलेली फी परत मिळणार नाही ही ओळ बहुतेक वेळा मागच्या बाजूला बारीक अक्षरात असते. मुलीची बारावीची आणि पदवीची गुणपत्रिका सोबत असू द्या, आणि शक्य असेल तर मुलीलाच आणा.